खलाशी

पाटबंधाऱ्याच्या जुन्या मस्टरवर
डोमाजी कुळमेथे यांचा हुद्दा: खलाशी.
होडी नाही, वल्हं नाही.
तेहतीस वर्षं लाल-पांढरी पट्टी धरून उभे राहिले
पऱ्हाटीच्या तासात, नाल्याच्या रेतीत, पळसाखाली.
पलीकडून दुर्बिणीतला साहेब हाकारायचा, "हलू नको रे,"
आणि गोमाशी पापणीवर बसली तरी
ते हलायचे नाहीत.

समुद्र पाहिलात का, मी विचारलं.
"कुठून पाहीन? नागपूरच्या पल्याड गेलो नाही.
पन त्याची उंची आनली ना आमी,
या गोट्यावरून त्या गोट्यावर,
पार टेंभुरडोहपावतर."

काळ्या मातीचा भरवसा नाही.
चैतात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो,
श्रावणात तीच फुगून भिंती उचलते.
म्हणून खूण मारुतीच्या पारावर, मुरमात रुजलेल्या चिऱ्यावर:
छिन्नीनं कोरलेला बाण, वर आडवी रेघ.
दोनशे त्रेचाळीस पॉइंट सहा एक पाच.
इथून सरळ खाली तेवढं उतरलं की समुद्राची सपाटी,
डोमाजींनी गावाला सांगून ठेवलेलं.
गावानं ऐकून घेतलं
आणि बाणाला शेंदूर लावला.

मी तिपाई रोवली, यंत्र चढवलं.
आकाशातून आकडा उतरायला अर्धा तास लागतो,
तोवर पोरं, दोन बकऱ्या, एक सायकल जमा.
पडद्यावर आलं: एकशे शहात्तर आणि काही.

"सदुसष्ट मीटर गेले कुठं?"
घरातून भांडी गेल्यासारखा आवाज.
माझ्या सतरा पट्ट्या, एकावर एक, म्हणाले,
आन् तुमी म्हनता हिशेबाचा फरक.

मी सांगत गेले.
की यंत्राच्या पोटातली पृथ्वी गणिताला सोयीची,
गुळगुळीत, दोन्ही टोकांना जरा दाबलेली.
खरी तशी नाही. तिच्या पोटात कुठे जड, कुठे हलकं,
आणि पाणी जडाकडे ओढलं जातं.
आपल्याकडे ओढ कमी, म्हणून आपला समुद्र
त्या गुळगुळीत पृथ्वीच्या सदुसष्ट मीटर खाली बसलाय.
तुमचा आकडा बरोबर आहे. माझाही.

"मंग सपाट काय, हे ठरवते कोन?"
पाणी.
"हे तं आमचा गवंडीबी सांगते,"
आणि ते हसले, "नळीत पानी भरून."

मग थांबून:
"पन वारा असते, लाटा असते, भरती असते.
कोनतं पानी धरलं तुमी?"
कुठलंच नाही. वर्षानुवर्षं किनाऱ्यावर बसून
कोणीतरी घेतलेल्या नोंदींची सरासरी.
"म्हनजे तो समुद्र..."
पट्टीच्या जुन्या घट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिले.
"म्हनजे तो कोनीच पाह्यला नाही."

चिरा मोकळा करायला गुरवानं नकार दिला.
चाळीस वर्षांचा थर, खरवडला तर गावाला काय सांगू.
मी पिन टोचली, दगड लागेपर्यंत.
वहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
शेंदूर, अकरा मिलिमीटर, वजा.

कालव्यापर्यंतची लाइन तपासायची होती.
पट्टी मीच धरतो, म्हणाले.
माझ्याबरोबर आलेला पोरगा बाजूला सरला,
मोबाइल काढून सावलीला बसला.

त्यांच्या काळच्या दुर्बिणीत माणूस उलटा दिसायचा.
कुठल्याही साहेबानं त्यांना कधी
पायावर उभं पाहिलं नव्हतं:
आभाळात तळवे, खाली मुंडासं.
माझ्या काचेत ते सुलटे आले,
तुरीच्या शेंगांमध्ये कमरेपर्यंत बुडालेले,
पट्टी ओळंब्यात, मान ताठ.

मी आकडा वाचला. लिहून घेतला.
सुट्टी देण्याचा हात
थोडा वेळ वर केलाच नाही.